बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी (बीव्ही, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं) दवाखान्यातली तपासणी पुरेशी, की कोल्हापुरात लॅबला नमुना पाठवावा?
लक्षणं स्पष्ट असतील तर दवाखान्यातली ॲमसेल तपासणी पुरते. शंका उरली तर ग्रॅम स्टेन (काचेवरचा स्राव रंगवून जंतू पाहणं) करून न्यूजेंट स्कोअर (त्या जंतूंवरून दिलेले ० ते १० गुण) मागा. ॲमसेलमध्ये चारपैकी तीन खुणा हव्यात: पातळ, एकसारखा स्राव, योनीचा पीएच (आम्लतेचा आकडा) ४.५ च्या वर. स्रावावर १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकताच माशासारखा वास. सूक्ष्मदर्शकाखाली २० टक्क्यांहून जास्त क्लू सेल्स (जंतू चिकटलेल्या योनीच्या पेशी). हा ओला नमुना लगेच पाहावा लागतो. ग्रॅम स्टेनसाठी वाळवलेली काच मात्र चंदगडहून कोल्हापूरला पाठवली तरी चालते. न्यूजेंट ७ ते १० म्हणजे बीव्ही, ४ ते ६ अधलंमधलं. गार्डनेरेला या बीव्हीतल्या जंतूच्या कल्चरवर (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं) कृपया पैसे घालवू नका, तो जंतू निरोगी स्त्रियांतही सापडतो. पाळीत किंवा संबंधानंतर लगेच नमुना देऊ नका. रक्त आणि वीर्यामुळे पीएच खोटा वाढतो.