इंजिन बदलाल, पण आरसीवरच्या नंबरचं काय?

कराडजवळच्या एका वाचकाची २०१२ची बोलेरो घाटात तापून जाम झाली. मेकॅनिक म्हणतो, वापरलेलं इंजिन तयार आहे, ५५ हजारांत दोन दिवसांत बसवून देतो. तुमचंच खोलून बांधायचं तर ९० हजार आणि तीन आठवडे. जुनं इंजिन त्याच्याकडेच सोडलं तर पाच हजार आणखी कमी. बिल मात्र मिळणार नाही, 'बिल घेतलं तर जीएसटी लागेल'. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, म्हणून यांनी १५ हजार टोकन देऊनही टाकलं. आणि आता विचारतात, 'कायद्याने काही अडचण नाही ना?'

टोकन द्यायच्या आधी विचारलं असतंत तर हा सल्ला दोन ओळींत संपला असता. अशी पत्रं मला नेहमी येतात आणि जवळजवळ प्रत्येकात पैसे आधी गेलेले असतात, वकील नंतर आठवतो.

कुठलं इंजिन किती किलोमीटर चालेल, हे तुमचा मेकॅनिक जाणे. मला एवढंच कळतं की इंजिनचा नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, ठोकलेला असतो आणि तोच तुमच्या आरसीवर छापलेला असतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड, सगळं नवीन घाला, क्रँक घासून घ्या, ब्लॉक तुमचाच राहिला तर नंबर तोच राहतो. कायद्याच्या लेखी ती दुरुस्ती. दुसऱ्याचा ब्लॉक आला की नंबर बदलला, आणि तिथून मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुरू होतं.

या कलमात तुमच्यासाठी महत्त्वाचा शब्द आहे 'आधी'. नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची मंजुरी आधी, इंजिन नंतर. मग बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवून, फी भरून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. गॅरेजमध्ये सर्रास सांगतात की 'आधी बसवू, मग बघू'. हा समज कुठून आला तेही सांगतो. ज्यांच्याकडे किमान दहा व्यावसायिक वाहनं आहेत अशा मालकांना त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं. कळवायचे १४ दिवस त्यांनाही आहेतच. तुमची एक खासगी बोलेरो त्यात कुठे बसते?

काही वकील म्हणतील, तसंच्या तसं इंजिन म्हणजे 'बदल' नव्हेच, कारण कलमाच्या स्पष्टीकरणात वाहनाचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा फेरफार असं म्हटलं आहे. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण २०१९च्या जानेवारीत केरळच्या आरटीओ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ बरंच कडक वाचलं आहे, आणि हा वाद स्वतःच्या गाडीवर लढून बघा असं मी सांगणार नाही. विनापरवाना फेरफाराला २०१९च्या दुरुस्तीपासून प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. कैद होईल असं मला वाटत नाही, पण गाडी अडकेल. तुमच्या नोंदणीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील. नूतनीकरणाला निरीक्षक नंबर ताडून बघतो, तेव्हा हा मेकॅनिक कुठे असेल?

'बोलेरोचंच इंजिन आहे' यावरही जाऊ नका. बोलेरोत अडीच लिटरचंही आलं आणि पुढे दीड लिटरचंही. तुमच्या आरसीवर क्युबिक कपॅसिटी किती आणि त्या इंजिनाची किती, हे बघितलंत का? तुम्ही पाठवलेल्या फोटोत ब्लॉकवर नंबराच्या जागी ग्रीस दिसतंय, बाकी काही नाही.

आता बिलाचं. ज्याच्याकडे मालकी नाही तो मालकी देऊ शकत नाही, हा माल विक्री कायद्यातला जुना नियम. इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर तुमचे पैसे गेलेच, वर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागू शकतं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना घेतला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. बिल नाही, नंबर दिसत नाही, भाव कमी. 'मला काय माहीत' हे उत्तर या तिन्हीपुढे किती टिकेल, तुम्हीच सांगा. गाडी जप्त झाली तर ती सोडवायला अर्ज करता येतो. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात सडवू नका असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागे जाऊन बघा, तिथल्या गाड्यांवर वेली चढल्यात.

पाच हजारांसाठी जुना ब्लॉक सोडण्याचा विचार तर डोक्यातून काढाच. त्यावर तुमचा नंबर आहे. तो उद्या कुणाच्या गाडीत जाईल आणि ती गाडी कुठे सापडेल, हे तुमच्या हातात नाही. पोलीस मात्र नंबरावरून तुमच्याच दारात येतील.

विम्याबद्दल ठामपणे सांगत नाही. तिऱ्हाइताच्या नुकसानीत कंपनीला सहज हात झटकता येत नाहीत. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दाव्यात न जुळणारा नंबर त्यांना आयतं निमित्त देईल. किती कापतील ते पॉलिसीवर आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरवर.

तुमच्या पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून, एक ओळ आहे: कर्ज २०१७ मध्येच फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून आहे. अहो, ही ओळ सगळ्यात वर हवी होती! बोजा असलेल्या गाडीच्या इंजिनबदलाला बँकेची लेखी संमती मागितली जाणार, आणि बंद झालेल्या खात्याचं पत्र शाखेतून काढणं म्हणजे काय, ते तुम्हाला लवकरच कळेल. दोन दिवसांचं इंजिन तिथेच दोन महिन्यांचं झालं. बँकेची ना-हरकत आणि आरसीवरचं बँकेचं नाव काढायच्या फॉर्म ३५ची कामं तुम्ही तेव्हाच उरकायला हवी होती; आता इंजिन कुठलंही घाला, ती करावीच लागतील.

म्हणून, लेथवाला ब्लॉक बोअर होईल किंवा स्लीव्ह बसेल, म्हणजे तोच ब्लॉक दुरुस्त होईल, असं म्हणाला, तर तुमचंच इंजिन बांधून घ्या. ३५ हजार जास्त जातील, जाऊ द्या. उतरवण्याआधी नंबरचा स्वच्छ फोटो काढा आणि कामाचं, सुट्या भागांचं बिल घ्या, जीएसटीसकट. ब्लॉकला तडा असेल तरच दुसऱ्या इंजिनाकडे वळा. मग विकणाऱ्याचं बिल, ते ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत, एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय या चोरीच्या वाहनांच्या नोंदीतून नंबराची तपासणी, बँकेचं पत्र, आणि आरटीओची मंजुरी हातात आल्यावरच पाना लावायचा. कंपनीकडून कोरा ब्लॉक आला तरी त्यावर जुना नंबर गॅरेजमध्ये ठोकून घेऊ नका. त्याचीही परवानगी आरटीओच देणार.

टोकन यूपीआयने दिलंत हे बरं झालं, निदान पुरावा आहे. व्हॉट्सॲपवर परत मागा, फोनवर नको. नाही दिलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, एवढ्या रकमेला फीसुद्धा नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायद्यात लिहिलंय. मी ते वाचून हसतो. तोच मेकॅनिक तुमचं इंजिन बांधणार असेल तर टोकन मजुरीत वळतं करा आणि तसं लिहून घ्या.

लग्नाला गाडी भाड्याने आणा. पिवळ्या पाटीची.