वास नेमका कधी येतो?
वाचकांचे प्रश्न : घरातली उपकरणे

प्रश्न : आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. चालू केला की पहिली पाच मिनिटं आंबट, कुबट वास येतो, मग जातो. सर्व्हिसिंग दोनच महिन्यांपूर्वी झालंय. गॅस गळत असेल का? (डोंबिवली)

उत्तर : गॅसवर संशय घेऊ नका. आजच्या बहुतेक घरगुती एसींमधल्या आर-३२ या गॅसला असा आंबट वास नसतो, आणि गॅस गळला तर तो गारवा कमी होण्यावरून कळतो. तुमच्या तक्रारीत खरी खूण ‘पहिली पाच मिनिटं’ ही आहे. थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं, त्यात धूळ मिसळते आणि एसी बंद केल्यावर हे सगळं तसंच ओलं राहतं. त्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. पुढच्या वेळी पहिला झोत त्या थरावरून येतो. कॉइल गार होऊन नवं पाणी वाहू लागलं की वास दबतो, पण थर जागेवरच असतो.

तपासणी तुम्हीच करा. एमसीबी बंद करा, हवा बाहेर येते ती झडप हलक्या हाताने उघडा आणि आत टॉर्च मारा. लांबट ब्लोअर दिसेल. त्याच्या पात्यांच्या आतल्या बाजूला काळे ठिपके किंवा राखाडी लगदा चिकटलेला असेल, तर निदान झालं. सर्व्हिसिंगच्या नावाखाली अनेकदा फिल्टर आणि कॉइलचा पुढचा भाग तेवढा धुतला जातो. ब्लोअर तसाच राहतो. म्हणून बुकिंग करतानाच सांगा : ‘ब्लोअर आणि ड्रेन ट्रेसकट जेट सर्व्हिस हवी.’ पीसीबीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डची, बाजू प्लास्टिकने झाकून घ्या. फोम क्लीनर ॲसिडविरहित असावा आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत कॉइल धुवावी. जेट, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, फिन्सच्या (कॉइलवरच्या पातळ पट्ट्यांच्या) रेषेतच मारायचा. आडवा मारला की फिन्स वाकतात आणि हवा अडते. शेवटी ट्रेमध्ये हळूहळू एक लिटर पाणी ओता. ते दुसऱ्या टोकाला लगेच यायला हवं. साठून राहिलं तर युनिटचा उतार चुकलाय किंवा पाइपात गाळ आहे.

यापुढे बंद करण्याआधी अर्धा तास फॅन मोडवर चालवा. ऑटो क्लीन (बंद करताना कॉइल आपोआप सुकवणारा मोड) असेल तर तो वापरा. कॉइलवरचं थोडं पाणी त्यामुळे खोलीत परत येतं, पण ते कॉइलवर राहण्यापेक्षा बरं. फिल्टर दर १५ दिवसांनी साध्या पाण्याने धुवा. कॉइलवर फिनाइल किंवा ब्लीच अजिबात नको. ब्लीच ॲल्युमिनियम खातं, आणि मग कॉइलच बदलायची वेळ येते.

प्रश्न : एसीतून गटाराचा वास येतो, पण रोज नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावला की हमखास येतो. (पुणे)

उत्तर : निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतो. दारं-खिडक्या बंद असल्या की तेवढी हवा मिळेल त्या वाटेने आत ओढली जाते. एसीचा ड्रेन पाइप नहाणीच्या जाळीखाली किंवा थेट सांडपाण्याच्या पाइपात खुपसलेला असेल, तर ती वाट तोच. पाइपाचं टोक बाहेर काढून एक रात्र बादलीत सोडा. एक्झॉस्ट लावूनही वास आला नाही, तर खात्री झाली. टोक जाळीच्या वर साधारण ५ सेंमी मोकळं ठेवा, एवढाच उपाय. पाइपालाच वळसा देऊन पाणी अडवायची युक्ती काही जण सुचवतात, ती टाळा. वळशात गाळ बसतो आणि एसी बंद असलेल्या महिन्यांत पाणी सुकून वास पुन्हा सुरू होतो. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या नहाणीतही आठवड्याला तांब्याभर पाणी ओता.

प्रश्न : ‘हॉट अँड कोल्ड’ एसी डिसेंबरात पहिल्यांदा हीटिंगवर लावला तर धूळ भाजल्यासारखा वास आला. धोका आहे का? (नागपूर)

उत्तर : हा एसी म्हणजे उलट दिशेनेही चालणारा हीट पंप. हिवाळ्यात आतली कॉइल गरम होते आणि साचलेली धूळ तापते. फिल्टर धुवा, खिडकी किलकिली ठेवून अर्धा तास चालवा. वास जायला हवा. कडक थंडीत मध्येच झोत थांबून नंतर कुबट वास आला, तर ते डीफ्रॉस्ट असावं : बाहेरच्या कॉइलवरचं हिम वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं फिरतं, आतली कॉइल गार होते आणि पुन्हा तापताना जुना थर वास सोडतो. उपाय पहिल्या उत्तरातलाच.

प्रश्न : जळकट किंवा मासळीसारखा वास आला तर? (कोल्हापूर)

उत्तर : लगेच एमसीबी बंद करा. काही प्लास्टिकं तापली की मासळीसारखा वास येतो. आधी प्लग आणि सॉकेट पाहा : पिन काळवंडलेली किंवा सॉकेट तपकिरी झालेलं असेल, तर ढिल्या जोडणीमुळे तिथे उष्णता साठतेय. सॉकेट बदलायलाच हवं. तिथे काही नसेल तर टर्मिनल, फॅन मोटर आणि बाहेरच्या युनिटचा पीसीबी मेकॅनिककडून तपासून घ्या. पाल पीसीबीवर चढून शॉर्ट होणं नेहमीचंच. एमसीबी पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका.

सडक्या कोबीसारखा वास आला तर मात्र एसी सोडा, तो स्वयंपाकाचा गॅस समजा. एकही स्विच चालू-बंद न करता रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.