संडे स्कूल सुरू करायचंय पण हातात काहीच नाही?

जय ख्रिस्त ताई. पैसे नाहीत, जागा नाही, येणारी पोरं चार, म्हणून थांबू नका. आधी बायबलमधला २ राजे, अध्याय ४ नीट वाचा. ती कर्जात बुडालेली विधवा रडत आली तेव्हा अलीशा संदेष्ट्याने तिला विचारलं, तुझ्या घरात काय आहे? तेलाची एक कुपी होती, बस. आपण मात्र नेहमी काय नाही त्याचीच यादी देवापुढे मांडतो (मीसुद्धा, खोटं कशाला बोलू). आणि बघा, तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी गोळा करून आणावी लागली, स्वतः ओतावं लागलं, शेवटी तेल विकून आधी देणं फेडलं, म्हणजे नुसतं दार लावून बसणं म्हणजे विश्वास नव्हे आणि उसने पैसे घेऊन मोठा हॉल बुक करणं तर अजिबात नव्हे.

दुष्काळात एलीया संदेष्ट्याला जेवू घालणाऱ्या सारफथ गावच्या विधवेचंही तसंच, १ राजे, अध्याय १७. तिच्या घरात काही पोत्यांची थप्पी लागली नाही, मडक्यातलं पीठ फक्त संपलं नाही, रोजचं रोज.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं केडगावचं काम वाचा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, पण प्रार्थनेसोबत विहिरी, शेती, शिवणकाम सगळं चालू होतं.

तर चार पोरांना घरातच बसवा, हिशोबाची वही पहिल्या रविवारपासून ठेवा आणि पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मंडळीत उगाच कुजबुज सुरू होते.