तेल टाकूनही ३१५ बोअर रायफलीचा बोल्ट जड का चालतो?

तेल टाकलं म्हणूनच. (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा दांडा.) कोणतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपल्याकडे आधी खोबरेलच हाताशी येतं. ते २४ अंशांखाली थिजतं. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो आणि स्ट्रायकरच्या (काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या सुईच्या) स्प्रिंगभोवती गोळा बसतो. मे महिन्यात तीच रायफल सुरळीत चालते, मग 'थंडीनं लोखंड आखडतं' असं छातीठोक सांगणारे जाणकार भेटतात. त्यांनीच एकदा फ्रीजमध्ये कोरडा बोल्ट ठेवून बघावा. मोहरीचं तेल आणखी वाईट, हवेनं वार्निशसारखं सुकतं.

बोल्ट काढा, हेड आटे फिरवून वेगळं करा. ३१५ ही ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धर्तीची असल्यानं स्ट्रायकर खास पान्याशिवाय निघत नाही. पकडीनं ओढू नका. बोल्ट रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, ब्रशनं घासा, पूर्ण निथळू द्या. मग आत पातळ गन ऑइलचे दोन थेंब, लगच्या (बोल्ट अडकवून धरणाऱ्या उंचवट्याच्या) मागच्या बाजूला आणि कॉकिंगच्या (स्प्रिंग ताणणाऱ्या) उतारावर काडीच्या गुलाएवढं ग्रीस. बस्स. हेड बसवताना आटे पूर्ण घ्या, नाहीतर बोल्ट आत जाणार नाही. बंद करताना शेवटी जोर लागतो तो दोष नव्हे. या रायफलीत स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते.

रिकामा बोल्ट हलका, पण गोळी झाडल्यावर हँडल उचलत नसेल तर चेंबर (काडतूस बसतं ती नळीतली जागा) बघा. तिथे तेल अजिबात नको. पुंगळी (काडतुसाचं कवच) भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. चेंबर ब्रशनं साफ करून कोरड्या फडक्यानं पुसा. काडतुसं उन्हात तापलेल्या जीपमध्ये ठेवली तरी दाब वाढतो. पुंगळीची टोपी सपाट झाली असेल किंवा बुडावर चकचकीत ओरखडा असेल तर त्या डब्यातलं पुढचं काडतूस घालू नका.

गंज असेल तर अगदी बारीक स्टील वूल, तेही तेलात भिजवून. लगला पॉलिश पेपर लावायचा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. लग झिजला की बोल्ट आणि काडतुसातलं अंतर वाढतं आणि पुंगळी फाटू शकते. बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का, तेही बघा. जुन्या रायफलींत अदलाबदल झालेली असते.

हे सगळं मॅगझिन काढून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून. घरी फक्त सफाई करा, सुटा भाग बदलायचा असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जा. आणि १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे. पिकांतल्या डुकरांसाठीही वनखात्याची परवानगी लागते.