जुन्या पुस्तकांतले वर्णद्वेषी शब्द बदललेली आवृत्ती मुलांना द्यावी का?

मुलीला 'हकलबरी फिन' (मार्क ट्वेनची जुनी अमेरिकन कादंबरी, एक गोरा पोरगा आणि पळालेला काळा गुलाम यांची) द्यायचंय, पण मूळ आवृत्ती द्यावी की काळ्या लोकांबद्दलचे शब्द बदललेली, असं तुम्ही विचारलंय. मूळच द्या. 2011 साली अमेरिकेत एका प्रकाशकाने त्यातला काळ्या लोकांसाठीचा शिवीसारखा शब्द दोनशेहून जास्त ठिकाणी काढून 'गुलाम' घातला. गुलामी माणसावर लादलेली असते आणि तो शब्द म्हणजे लादणाऱ्याच्या मनातला तिरस्कार. तिरस्कारच पुसला, तर तो गोरा पोरगा कशातून बाहेर पडायला धडपडतोय ते तिला कळणार कसं?

पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "आपल्या मराठीत हा प्रश्नच नाही." मी उत्तर लिहायला बसले ती या वाक्यामुळे.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, बाबांचं आणि थोरल्या काकांचं मिळून. 2008 साली वरची खोली भाड्याने द्यायची होती. विद्यापीठात शिकायला आलेला इथिओपियाचा एक मुलगा खोली बघून गेला. बाबांना आवडला, त्यांनी डिपॉझिट घेतलं. एक तारखेला तो दोन बॅगा घेऊन रिक्षातून उतरला आणि काका दारात आडवे उभे राहिले. "हबशी घरात नको." मराठीत बोलले, म्हणजे त्याला कळणार नाही.

त्यातला एक शब्द त्याला कळला. तिकडचे लोक स्वतःला 'हबेशा' म्हणवतात. त्याला वाटलं, कुठला म्हणून विचारताहेत. छातीवर हात ठेवून, हसून तो म्हणाला, "येस, येस, हबेशा!"

काकांनी डिपॉझिट त्याच्या हातात ठेवलं आणि दार लावलं. बाबा मोठ्या भावापुढे गप्प. मी 23 वर्षांची, मीही गप्प. तो अर्धा तास ओटल्यावर बसून होता. मी पाणी नेऊन दिलं, मग एकेक बॅग स्कूटरवर घालून दोन खेपांत फतेगंजला मैत्रिणीच्या ओळखीच्या घरी पोचवली. वाटेत तो काहीच बोलला नाही.

हेच काका घरात इतिहासाचे जाणकार. गनिमी कावा, 1624 ची भातवडीची लढाई, शहाजीराजे, सगळं तोंडपाठ. त्या लढाईत शहाजीराजे ज्याच्या बाजूने लढले तो मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीचा कारभार त्याने चालवला, 1610 मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली. काका त्याला नेहमी 'वजीर' म्हणतात, हबशी कधीच नाही. मी हे बोलून दाखवलं की म्हणतात, "तो वेगळा."

आणि हे बडोद्यात! कोलंबियात शिकून 1917 साली बाबासाहेब इथे नोकरीला आले, तेव्हा राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. रात्रीच्या गाडीपर्यंत ते कामाठी बागेत बसून होते. ती बाग आमच्या घरापासून फार लांब नाही.

जात आणि वंश एकच, असं मी म्हणत नाहीये. जातीच्या मुळाशी वंश आहे हे म्हणणं बाबासाहेबांनीच 1936 साली खोडून काढलं. पण 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे हा प्रश्न मराठीत तेव्हापासून आहे. आणि हो, मुलगी दहा वर्षांहून लहान असेल तर पुस्तक आत्ताच देऊ नका. द्याल तेव्हा तो शब्द येईल तिथे शेजारी बसा.

काका अजून म्हणतात, "मी शिवी कुठे दिली? तो कोण आहे तेवढं म्हणालो." तो कोण आहे ते त्याने स्वतःच आनंदाने सांगितलं होतं, काका. तुम्ही पुढे 'नको' जोडलंत.