ओव्याचं पान, ओव्याचं फूल

प्रश्न असा आहे: 'भज्यांसाठी वापरतो ती जाड पानं ओव्याचीच ना? मग मसाल्याच्या डब्यातला ओवा कुंडीत पेरला, तर शेपूसारखं बारीक काहीतरी का उगवलं?'

जे उगवलं तोच खरा ओवा. त्याचं कूळ कोथिंबीर-जिऱ्याचं. भज्यांचं लुसलुशीत, लव असलेलं पान तुळशीच्या कुळातलं. फांदी मोडून मातीत खोचली की जगते. त्याचं नाव पानओवा, संस्कृतात पर्णयवानी. पान चुरगळून हुंगा आणि दुसऱ्या तळहातावर ओवा रगडा, म्हणजे नावाचं कोडं सुटेल. ओव्यात थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं, पानओव्यात मुख्यतः कार्व्हाक्रॉल. दोघांचं रेणुसूत्र एकच, वासही जवळचा. आपल्या माणसांनी नाव ठेवलं ते नाकाला विचारून.

घरगुती उपायांतही दोघांची कामं वेगळी. बाळंतिणीच्या जेवणानंतरची चिमूट बियांची, तव्यावर तापवून छाती शेकायची पुरचुंडीही बियांचीच. मुलांच्या खोकल्यावर मधातून देतात तो रस मात्र तव्यावर वाफवलेल्या पानओव्याचा. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको.)

काष्ठौषधींच्या दुकानात 'ओव्याचं फूल' मागाल तर काचेसारखे खडे मिळतील. ते थायमॉल. हे खडे, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉलचे खडे) आणि कापूर एका कोरड्या बाटलीत घालून हलवा: पाण्याचा थेंबही न घालता सगळं विरघळून पातळ होतं. हीच अमृतधारा. सर्दीत रुमालावर एखादा थेंब टाकून हुंगतात. गार केलेल्या अर्कातून वेगळ्या होणाऱ्या अशा शुद्ध खड्यांना 'फूल' म्हणणं मला फार देखणं वाटतं.

आता मूळ शब्द. ओव्याचं संस्कृत नाव यवानी. व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रावर 'यवाद् दोषे' असं वार्तिक, म्हणजे पूरक टीप आहे. त्यानुसार यवानी म्हणजे वाईट प्रतीचा यव, म्हणजे सातू. हिंदीतलं अजवायन यवानीच्या वाटेचं. 'ओवा' मात्र मला कन्नड 'ओम', तमिळ 'ओमम्' यांच्या जवळचा वाटतो. 'म'चा 'व' होणं आपल्याकडे नेहमीचंच: ग्राम-गाव, नाम-नाव.

तेव्हा भज्यांच्या पानाला निःसंकोच पानओवा म्हणा. आणि कुंडीतलं ते बारीक रोप उपटू नका. त्यावर कोथिंबिरीसारखा पांढरा, छत्रीच्या आकाराचा फुलोरा येईल. ते ओव्याचं खरं फूल.