सहीची वाटणी होत नाही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा ईमेल वाचला, सोबतचा तक्ताही पाहिला. अमेरिकेतल्या त्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाला कोण किती जबाबदार, याची तू टक्केवारी काढली आहेस. कंपनी 40, डॉक्टर 20, सरकारी औषध खातं 15, मग घाऊक वितरक, औषध दुकानदार, विमा कंपन्या, आणि उरलेलं रुग्णाच्या माथी. खाली विचारलंस, ‘काका, यात माझ्यासारखी औषध कंपनीच्या क्यूएमधली, दर्जा तपासणारी मुलगी कुठे बसते? अर्ध्या टक्क्यात?’

प्रश्न अमेरिकेचा नाही, एवढं मला कळतं. तुझ्या टेबलावर एक्स्पोर्टची फाईल पडून आहे. साहेब रोज विचारतात, बॅच रिलीज कधी करतेस, म्हणजे सही करून माल कधी सोडतेस. आणि पालघरच्या औषध कारखान्याची बातमी वाचल्यापासून तुझा हात चालत नाही. चांगलं आहे, हात चालत नाही ते. पण तो तक्ता फाडून टाक. हिशेब चुकलाय म्हणून नव्हे, ती मांडणीच खोटी आहे म्हणून.

जबाबदारी ही वडिलोपार्जित जमीन नाही, की भाऊ वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी यावी. तू सही केलीस की त्या बॅचची जबाबदारी पूर्ण तुझी. तुझ्या साहेबांनी केली की त्यांचीही पूर्ण. दहा जणांनी सह्या केल्या तर दहा पूर्ण जबाबदाऱ्या झाल्या, एका जबाबदारीचे दहा तुकडे नाही झाले. कागदावर सही अर्धी होत नाही, ती असते किंवा नसते. बाकी काही विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस.

आता तुझ्या तक्त्यातल्या माणसांकडे याच नजरेने बघ.

पर्ड्यू कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामक गोळीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तू लिहिलेल्या त्या सरकारी औषध खात्याने, डिसेंबर 1995 मध्ये मंजुरी दिली. लेबलवर एक वाक्य गेलं : गोळीतलं औषध हळूहळू शोषलं जातं, त्यामुळे गैरवापराची शक्यता कमी होते असं ‘मानलं जातं’. मानलं जातं! कुणी मानलं? कोणत्या चाचणीवरून? ते सिद्ध करणारा अभ्यासच नव्हता. तू माझ्याकडे शिकत असताना बीएमआरमध्ये, बॅचच्या उत्पादनाच्या नोंदीत, ‘बहुधा ठीक’ असं लिहिलं असतंस तर मी पान परत केलं असतं. इथे तेच वाक्य देशभराच्या लेबलवर छापलं गेलं. त्या अर्जाची तपासणी ज्यांच्या हाताखाली झाली ते कर्टिस राइट नंतर एफडीए सोडून काही काळाने त्याच पर्ड्यू कंपनीत नोकरीला लागले. लाच वगैरे बाजूला ठेवू, तो तपास माझा नाही. मला फक्त ते वाक्य दिसतं आणि त्याला होकार देणारा माणूस दिसतो.

मग विक्री. 1996 मध्ये कंपनीचे साधारण 318 प्रतिनिधी होते, 2000 मध्ये 671 झाले. विक्री 4 कोटी 80 लाख डॉलरवरून 110 कोटींच्या घरात गेली. कोणता डॉक्टर कोणत्या गोळ्या किती लिहितो, याची माहिती विकत मिळत होती. जे भरमसाट लिहितात तेच हेरून प्रतिनिधी त्यांच्या दारात उभे राहात. रुग्णाला पहिल्या महिन्यापर्यंतच्या गोळ्या फुकट देणारी कुपनं वाटली. प्रतिनिधीचा सरासरी वार्षिक पगार 55 हजार डॉलर आणि 2001 मध्ये सरासरी बोनस 71 हजारांवर, म्हणजे पगारापेक्षा बोनस मोठा! आणि डॉक्टरांना सांगायचं काय, तर व्यसन लागण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी.

हा एक टक्का कुठून आला ते नीट वाच, कारण तुझं काम कागदाशी आहे. 1980 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं संपादकांना लिहिलेलं पत्र छापून आलं. पाच वाक्यांचं. रुग्णालयात दाखल असलेल्या 11,882 रुग्णांना अफूच्या वर्गातली अशी वेदनाशामकं दिली गेली, त्यात व्यसनाची नोंद झालेली चार माणसं सापडली, एवढाच मजकूर. घरी बसून महिनोन्‌महिने पाठदुखीसाठी गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नाही. 2017 मध्ये त्याच नियतकालिकात कुणीतरी मोजदाद केली, तेव्हा 608 लेखांनी या पत्राचा हवाला दिलेला निघाला, आणि त्यातल्या बहुतेकांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून. मूळ पत्र उघडून पाहायला किती वेळ लागतो? चहा गार होण्याआधी वाचून होईल. प्रत्येक लेखकाने आधीच्या लेखकावर भरवसा टाकला. जिक यांनी पुढे बोलून दाखवलं की आपल्या पत्राचा असा वापर झाला याची आपल्याला शरम वाटते. पण खाली नाव घालणारे ते शेकडो जण? ज्याने न वाचता हवाला दिला, त्याचा हवाला पूर्ण त्याचाच.

आणि केर्मिट. वेस्ट व्हर्जिनियातलं, जेमतेम 400 वस्तीचं गाव. तिथल्या एकाच औषध दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोन या तशाच व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाच्या जवळजवळ 90 लाख गोळ्या गेल्या. ‘चार्ल्सटन गॅझेट-मेल’ या दैनिकाच्या एरिक आयर यांनी हे आकडे बाहेर काढले, त्यांना 2017 चं पुलित्झर मिळालं. मला त्या बातमीतला पत्रकार दिसत नाही गं, मला गोदामातला डिस्पॅचवाला दिसतो. ऑर्डर आली, खोकी मोजली, चलन फाडलं, सही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. गावाचं नाव त्याच्यासमोर छापलेलं होतं. संशयास्पद ऑर्डर कळवायची असा तिथे कायदा आहे, म्हणजे प्रश्न विचारणं हे त्या साखळीचं कामच होतं. तरी खोकी जात राहिली, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या वरचा कुणीतरी बघत असेल. वरच्याला वाटत होतं, खालचा बघत असेल.

तू लिहितेस, ‘पण रुग्णांनीही गोळ्या कुटून ओढल्या, त्यांची काहीच चूक नाही?’ इथे मला तुझा राग आला. कंपनीचे रिचर्ड सॅकलर 2001 मध्ये ईमेलमध्ये हेच लिहीत होते : गैरवापर करणाऱ्यांवर तुटून पडा, खरे गुन्हेगार तेच. तुला त्यांची भाषा तुझ्या तोंडी नको असेल, तर रुग्णाला त्या तक्त्यातून आधी काढ. डॉक्टरने लिहून दिलेली गोळी, दुकानातून बिल करून घेतलेली गोळी, लेबलवर सरकारी मंजुरी असलेली गोळी ज्याने विश्वासाने घेतली, त्याने कोणत्या कागदावर सही केली होती?

कोर्टात काय झालं? 2007 मध्ये पर्ड्यूने आणि तिच्या तीन बड्या अधिकाऱ्यांनी खोट्या लेबलिंगचा गुन्हा कबूल केला, 63 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली आणि तुरुंगात कुणी गेलं नाही. 2020 मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. तीन मोठे वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून 26 अब्ज डॉलरची तडजोड केली, दोष मान्य न करता. पर्ड्यूच्या मालक सॅकलर कुटुंबाला खटल्यांपासून कायमचं संरक्षण देणारी योजना 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तुझी टक्केवारी इथूनच आली आहे, या तडजोडींमधून. पण तिथे वाटणी पैशाची होते. वकील बसतात, कोण किती भरणार ते ठरतं. 1999 ते 2021 या काळात तिथे ओपिऑइड्सच्या, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या औषधांच्या, अतिसेवनाने सुमारे 6 लाख 45 हजार माणसं गेली. डॉक्टरच्या गोळ्या, हेरॉइन, बेकायदा फेंटानिल, सगळं धरून. त्यातल्या एका मुलाच्या आईला सांगून बघ की तुमच्या मुलातला अमुक टक्के वितरकाचा.

आणि हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे असं समजू नकोस. फेंटानिलचा स्प्रे विकणाऱ्या इन्सिस कंपनीचे संस्थापक जॉन कपूर अमृतसरचे, फार्मसी शिकले मुंबई विद्यापीठात. तो स्प्रे मंजूर होता कॅन्सरच्या असह्य वेदनेसाठी. कंपनीने डॉक्टरांना व्याख्यानांच्या नावाखाली पैसे चारले, आणि तिचे कर्मचारी विमा कंपन्यांना फोन करून आपण डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलतोय असं भासवायचे, कॅन्सर नसलेल्याला कॅन्सर आहे म्हणून सांगायचे. कपूर यांना 2020 मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. फोनवर बोलणारी ती मंडळी तुझ्याच वयाची असतील. त्यांच्याही तक्त्यात त्या अर्ध्या टक्क्यातच बसत असणार.

पालघरचं तर तुझ्या दाराशीच आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एका गोळीत घालून पश्चिम आफ्रिकेत पाठवते. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट. एक ओपिऑइड, दुसरं सवय लावणारं स्नायू शिथिल करणारं औषध. हे मिश्रण जगात कुठेच मंजूर नाही. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीचा संचालक म्हणतो की हे तब्येतीला घातक आहे, पण धंदा आहे. त्यानंतर तिच्या पालघरच्या कारखान्यावर छापा पडला, उत्पादन थांबवलं गेलं, केंद्राने या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. संचालकाचं बघायला कायदा आहे. तू दुसरा विचार कर. त्या गोळीतल्या औषधाचं प्रमाणही कुणीतरी तपासलं असेल, डिझोल्यूशन म्हणजे ती विरघळण्याची चाचणी लावली असेल, स्ट्रिपवरची एक्स्पायरी जुळवून पाहिली असेल. सगळं स्पेसिफिकेशनमध्ये. निकाल : पास.

म्हणून ‘माझं काम फक्त गोळी प्रमाणात आहे का हे बघणं’ हे वाक्य मला सांगू नकोस. मी ते आयुष्यभर ऐकलं.

माझीही हकिकत तुझ्या बाबांकडून तू ऐकली असशील, पण त्यांना ती अर्धीच माहीत आहे. मी ज्या कंपनीत होतो तिथे कोडीनच्या, म्हणजे अफूच्याच वर्गातल्या, खोकल्याच्या औषधाची एक ऑर्डर आली. घेणारा छोटा व्यापारी, माल अवाढव्य. मी लेखी विचारलं की हा एवढा माल कुठे खपतो. उत्तर आलं नाही, मी रिलीज केलं नाही. माझ्या हाताखालच्या मुलाने सही केली, ट्रक गेला. मला स्टॅबिलिटीच्या, म्हणजे औषध किती टिकतं याच्या, रजिस्टरांवर बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत मी त्याच पदावर राहिलो. बरोबरीचे लोक जीएम झाले. घरात मुलीच्या फीवरून तुझ्या काकूचं आणि माझं अनेक दिवस बोलणं नव्हतं. आणि जो भेटेल तो एकच म्हणायचा, ‘तुम्ही सही न करून काय मिळवलंत? माल तर गेलाच.’

गेला. त्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि मला ते द्यायचंही नाही. ट्रक थांबवणं माझ्या हातात नव्हतं, पेन माझ्या हातात होतं. कुणी याला अहंकार म्हणो, स्वतःचे हात स्वच्छ ठेवणं म्हणो. प्रत्येकाने आपापलं पेन आवरलं असतं तर तो ट्रक फाटकातून हलला नसता, आणि कुणाच्या तरी पेनापासून सुरुवात व्हायला हवी होती. तुझ्या बाबांना ही माझी हेकेखोरी वाटते. वाटू दे.

मात्र यातून सही न करणं म्हणजेच पुण्य, असा अर्थ काढू नकोस. ही दुसरी बाजू मी भोगली आहे. आपल्याकडे 1985 मध्ये अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला. हेतू चांगला होता, पण मॉर्फिनसाठी इतके परवाने, इतकी शिक्षेची भीती, की दवाखान्यांनी आणि दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं. जगाला अफू पुरवणाऱ्या देशात कॅन्सरच्या रुग्णांना मॉर्फिन मिळेना. केरळचे वेदनाशमनाचे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं झगडले तेव्हा 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. माझा थोरला भाऊ त्याआधी गेला. हाडापर्यंत पसरलेला कॅन्सर, आणि गावातल्या एकाही दुकानात मॉर्फिनची गोळी नाही. शेवटचे काही दिवस तो उशी दातात धरायचा, शेजारच्यांना ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून. परवान्याच्या कागदावर सही नाकारणारा कुणीतरी अधिकारी होताच ना? ‘नसती आफत कशाला’ म्हणून फाईल परत पाठवणारा? त्याचीही जबाबदारी पूर्ण. न केलेल्या सहीचीही वाटणी होत नाही. घाबरून पेन खाली ठेवलंस तर मला तुझं कौतुक वाटणार नाही. तपासून ठेव, किंवा तपासून उचल.

तेव्हा आता कामाचं. त्या फाईलमध्ये आयात करणाऱ्या देशाचा नोंदणी दाखला आहे का बघ, आणि तो तुझ्या फाईलमधल्याच औषधाचा, त्याच मात्रेचा आहे का बघ. ‘अप्लाइड फॉर’ लिहिलेलं चालणार नाही. घेणाऱ्याने आधीच्या वर्षांत किती माल उचलला, ते डिस्पॅचकडून काढ आणि तो आकडा त्या देशाच्या लोकसंख्येशेजारी मांड. केर्मिट आठव. शंका आली तर तोंडी बोलू नकोस, लेखी विचार, तारीख घाल, उत्तरासाठी मुदत दे आणि पोच घे. सगळं जागेवर असेल तर बिनधास्त सही कर, मागे वळून पाहू नकोस. नसेल तर करू नकोस. ‘साहेबांनी सांगितलं म्हणून’ असा शेरा मारून खाली सही करणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे. त्या शेऱ्याने सही पातळ होत नाही.

नोकरीचं म्हणशील, तर तारापूर ते वसईपर्यंत माझे शिकवलेले लोक अजून आहेत. दोन-तीन जणांना मी बोलून ठेवलं आहे, बायोडेटा ताजा करून पाठव. घराच्या हप्त्याचं तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. त्याचं आपण तुझ्या बाबांसमोर बसून बोलू, मी येतो रविवारी. तोवर फाईल तुझ्याच टेबलावर राहू दे. साहेबांनी आजच हवी म्हटलं तर सांग, नोंदणी दाखला तपासते आहे. ते खरंच तपासत असशील, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

तुझा,
काका